पायाखालची दांडी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून आपल्यापैकी काहींनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला असेल. काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयाचा विचार झाला, उद्या अर्थकारणाचा व्हावयाचा आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आम्ही जुन्या पिकअप गाडीच्या ॲक्सिलरेटरची दुरुस्ती घेऊन उभे आहोत. चिटणीसांनी हा विषय मान्य केला तो त्यांचा मोठेपणा. पण विषय हलका आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही. आज येथे येताना आपण मोटारीत, रिक्षात किंवा एस.टी.त बसला असाल, तर चालकाने पाय उचलला म्हणजे इंजिन मंदावते या एका गोष्टीवर आपला जीव अवलंबून होता. ते मंदावले, म्हणून आपण येथे सुखरूप बसला आहात. ते का मंदावते आणि कधी मंदावत नाही, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

तो सांगावयाचा तर एक ठरावीक गाडी डोळ्यांपुढे ठेवलेली बरी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील शेव्हरलेट कंपनीने मालवाहू गाड्यांची एक नवी घडण बाजारात आणली. तिला ‘ॲडव्हान्स डिझाइन’ असे नाव दिले होते आणि १९५५ च्या वसंतापर्यंत ती निघत राहिली. त्यातली सर्वांत लहान, अर्ध्या टनाची, ती ३१०० या क्रमांकाची पिकअप. गोल खांदे, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, आत एक लांब बाक आणि मागे माल टाकावयाचा उघडा हौदा. आरंभीच्या गाड्यांत सहा सिलिंडरांचे, २१६ घन इंचांचे म्हणजे सुमारे साडेतीन लिटरांचे इंजिन असे व त्याची शक्ती ९० अश्वशक्ती होती. आजची लहानशी मोटारही तेवढी शक्ती सहज देते. परंतु अमेरिकेतील शेतकऱ्याने या गाडीत कडब्याचे भारे, दुधाचे डबे आणि डुकरे वाहिली, आणि आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याची नातवंडे तीच गाडी घासूनपुसून रविवारी फिरावयास काढतात. तिचे सुटे भाग अमेरिकेत आजही नव्याने तयार होतात.

आपल्याकडे या नावाची ओळख जुनी आहे. शेव्हरलेट ज्यांची, त्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. १९५४ मध्ये तो बंद झाला. त्या सव्वीस वर्षांत शिवडीहून निघालेल्या मोटारी आणि ट्रक देशभर गेले. आमच्या पिढीतील मिस्त्री लोकांचे गुरू ज्या गाड्यांखाली पाठीवर निजून शिकले, त्यांत या गाड्यांचा वाटा मोठा होता. आजही एखाद्या वाड्याच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, अशी एखादी गाडी निघते.

आता आत शिरू. ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल जाते असा समज आहे. तो अगदीच खोटा नाही, पण क्रम उलटा आहे. पाय पेट्रोलला हात लावीत नाही. पाय हवेची वाट उघडतो. कार्बोरेटर म्हणजे मुळात एक नळी. तिच्यातून इंजिन हवा ओढून घेते आणि त्या ओढीबरोबर बारीक छिद्रातून पेट्रोलही ओढले जाते. नळीच्या तळाशी नाण्यासारखी एक गोल चकती आडव्या आसावर बसविलेली असते. ती आडवी झाली की वाट बंद, उभी झाली की वाट मोकळी. हिलाच थ्रॉटल म्हणतात. चालकाचे सारे सामर्थ्य या रुपयाएवढ्या चकतीत आहे. ती पुरती उघडण्यास पाऊण काटकोनाहून थोडे अधिक, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर अंश फिरावे लागते. परंतु रोजचे सपाटीवरचे हाकणे पहिल्या काही अंशांतच होते. उरलेले घाटासाठी आणि घाईसाठी.

पाय आहे तक्तपोशीवर आणि चकती आहे इंजिनाच्या कुशीत. मधले अंतर दांड्यांनी जोडलेले असते. आजच्या गाड्यांत तेथे तार आहे, किंवा तारही नाही, नुसता विजेचा निरोप आहे. पण या पिकअपमध्ये लोखंडी सळया होत्या. पेडलच्या पाठीमागून एक दांडी फळीतून पलीकडे जाते, तिचे टोक एका कोनात वळलेल्या तुकड्याला लागते, त्या तुकड्याच्या दुसऱ्या भुजेपासून दुसरी दांडी निघते आणि ती थ्रॉटलच्या आसावरील लहान हाताला ओढते. या कोनाच्या तुकड्याला कारागीर बेलक्रँक म्हणतात. हे नाव मोटारीहून जुने आहे. इंग्लंडातील मोठ्या घरांत दिवाणखान्यातून दोरी ओढली की खाली नोकरांच्या खोलीत घंटा वाजे. ती तार भिंतीच्या कोपऱ्यावरून वळविण्यासाठी जो कोनाचा तुकडा ठोकीत, तो हा. साहेब गेला, घंटा गेली, कोन तेवढा मोटारीखाली राहिला.

शिवाय आपल्याकडे एक अडचण अधिक. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा कार्बोरेटरही डाव्याच अंगाला आहे, म्हणजे वाट जवळची. आपल्याकडे चालक उजवीकडे. पाय उजवीकडे आणि कार्बोरेटर इंजिनाच्या पलीकडे. तेव्हा पायाची हालचाल आडवा शाफ्ट घालून इंजिनामागून पलीकडे न्यावी लागते. जितकी वळणे तितके सांधे, आणि जितके सांधे तितकी झिजण्याची ठिकाणे.

पायाने इंजिन चालवावे हेही पहिल्यापासून ठरलेले नव्हते. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली. तिच्यात खाली तीन पेडले होती, पण एकही ॲक्सिलरेटरचे नव्हते. रेस हाताने, सुकाणूच्या खालच्या दांडीने द्यावयाची. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा आजचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅक गाडीत दिसतो आणि १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या स्वस्त गाडीने तो घरोघर नेला. असो. इतिहास येथेच सोडतो.

आता रोग. साधारण माणसास वाटते की सांधे झिजून ढिले झाले, हाच रोग. ही गोष्ट हिशेबाने पाहू. समजा पाच सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली. एकूण अडीच मिलिमीटर झाली. थ्रॉटलचा हात चाळीस मिलिमीटर लांब धरला तर दांडीची एकंदर चाल पन्नास मिलिमीटरांच्या आतबाहेर येते. म्हणजे पन्नासात अडीच, थ्रॉटलच्या फिरण्यात साडेतीन अंश. पाय थोडा पोकळ वाटेल, एवढेच. त्यातही कार्बोरेटरकडील स्प्रिंग सगळ्या सांध्यांना सदैव एकाच दिशेला ओढून धरीत असल्यामुळे ती पोकळी बहुधा जाणवतही नाही. दांडीच्या टोकाचा आट्यांचा तुकडा दोन फेरे फिरवला की लांबी पुन्हा जुळते. म्हणून नुसत्या ढिलाईला भिण्याचे कारण नाही.

भ्यावयाचे ते अडकण्याला. आपल्या घरातील जुन्या टेबलाचा खण आठवा. नवा असताना तो एका बोटाने सरकतो. कडा झिजून तो सैल झाला की खरे म्हणजे अधिक सहज सरकावयास हवा. पण तसे होत नाही. एका बाजूने ओढला की तो तिरका होतो आणि दोन्ही कडांना टेकून गच्च बसतो. मग जितक्या जोराने ओढावे तितका तो अधिक रुततो. सैल झाला म्हणून अडकला, हे ऐकावयास विचित्र वाटते, पण घरोघरच्या गृहिणींना ते ठाऊक आहे. ॲक्सिलरेटरच्या दांड्यांचे नेमके हेच होते. बेलक्रँक आपल्या खिळ्यावर किंवा शाफ्ट आपल्या बुशात सैल झाला की तो फिरताना कलतो, आणि कलला की रुततो. तो रुतला आणि त्या वेळी पाय खाली असला, तर थ्रॉटल उघडे राहते. तीच गाडी, तोच चालक, तोच रस्ता. पण आता इंजिन चालकाचे ऐकत नाही.

आमच्या हाताखालून एक अशी गाडी गेली. १९५१ ची शेव्हरलेट पिकअप, एका बागाईतदाराची. चढावर पाय पुरता दाबला की माथ्यावर पोचल्यावर तो परत येत नसे. मालकाने त्यावर तोड काढली होती: पेडलला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक शेजारी बसणाऱ्या गड्याच्या हाती दिले होते. ‘ओढ’ म्हटले की त्याने ओढावयाचे. गडी पेंगुळला तर काय, असे आम्ही विचारले. मालक म्हणाले, घाटात तो पेंगत नाही, तो देवाचे नाव घेत असतो.

ही गाडी आमच्याकडे येण्यापूर्वी तीन ठिकाणी जाऊन आली होती. पहिल्या ठिकाणी स्प्रिंग बदलली. दुसऱ्या ठिकाणी तीत आणखी एक जाड स्प्रिंग टाकली. तिसऱ्या ठिकाणी या दोहोंच्या जोडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. परिणाम एवढाच झाला की मालकाचा गुडघा दुखू लागला आणि पेडल पूर्वीपेक्षा अधिक वेळा अडकू लागले. आम्ही या कारागिरांना दोष देत नाही. गिऱ्हाईक दारात उभे असते, ‘आजच पाहिजे’ म्हणते, आणि स्प्रिंग बदलण्याचे दहा मिनिटांत होते. परंतु खण अडकला म्हणून त्याला अधिक जोराने ओढणे आणि सांधा रुतला म्हणून स्प्रिंग जाड करणे, यात फरक नाही.

रोग कोठे आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे आणि तिला हत्यारही फारसे लागत नाही. इंजिन बंद ठेवावे. कार्बोरेटरवरील हवेची गाळणी काढावी. एकाने पेडल सावकाश दाबावे व सोडावे, दुसऱ्याने वरून चकतीकडे पाहावे. मग कार्बोरेटरकडची दांडी सोडवून थ्रॉटलचा हात बोटाने उघडून सोडावा. तो ‘टक्’ असा आवाज करून बंद झाला तर कार्बोरेटर निर्दोष, रोग अलीकडे. आळसावत बंद झाला तर रोग तेथेच. आसावर मळ बसला असेल किंवा आस वाकला असेल. निर्दोष ठरला तर पुढचा सांधा सोडवावा, मग त्याच्या पुढचा. सगळे एकदम सुटे करून परातीत मांडून बसणारा माणूस उत्साही असतो, पण रोग कोठे होता हे त्याला कधीच कळत नाही, कारण सुट्या भागांत रोग दिसत नाही. रोग त्यांच्या संबंधात असतो.

वरील गाडीत कार्बोरेटर निर्दोष निघाला. रोग आडव्या शाफ्टात होता. शाफ्टाच्या दोन टोकांना दोन आधार आणि त्यांत बुश. उजवीकडचा बुश झिजून लांबोडा झाला होता, आणि नेमक्या त्याच टोकावरील हातावर तिन्ही ठिकाणांच्या स्प्रिंगांचा ताण येत होता. ताण आला की शाफ्ट तिरका होई आणि डावीकडच्या चांगल्या बुशात रुते. स्प्रिंग जितकी जाड, तितका तो अधिक रुतत होता. ट्यूबची पट्टी सोडली तेव्हा पेडल थोडे बरे चालू लागले; मालकांचा त्यावर विश्वास बसेना.

दुरुस्तीचे आता जरा बारकाईने सांगतो, कारण येथे हयगय केली की गाडी सहा महिन्यांत परत येते. शाफ्ट काढून रॉकेलने धुतला. जेथे तो बुशात फिरतो तेथे खाच पडली होती. लेथवर ती जागा कातून पुन्हा गोल केली. त्यामुळे शाफ्ट थोडा बारीक झाला, म्हणून त्या मापाचे गनमेटलचे नवे बुश करून घेतले. बाजारात मिळेल तो बुश घालून चालत नाही. शाफ्टाला बुश बेतावा लागतो, जसे मापाने सदरा बेततात. मग दोन आधार बसविण्याची वेळ. येथे घाई करणारा फसतो. दोन्ही आधारांचे बोल्ट सैल ठेवावे, शाफ्ट दोहोंतून आरपार घालावा, आणि तो बोटांनी गरगर फिरतो असे पाहून मग बोल्ट आवळावे, तेही एकदम नव्हे. एक अर्धा फेरा आवळावा, शाफ्ट फिरवून पाहावा, मग दुसरा. आवळता आवळता तो जड झाला तर आधाराखाली पातळ पत्र्याची पट्टी घालावी. दोन बुश वेगवेगळे उत्तम असून उपयोगाचे नाही. ते एका रेषेत पाहिजेत.

दांड्यांच्या टोकांची भोके लंबगोल झाली होती. येथे पुष्कळ लोक एक चूक करतात: जाड ड्रिल घेऊन भोक मोठे करतात. ड्रिल हे आळशी जनावर आहे. ते झिजलेल्या बाजूकडेच वळते, आणि भोक मोठे होते पण गोल होत नाही, शिवाय त्याचे केंद्र सरकते. केंद्र सरकले की हाताची लांबी बदलते आणि थ्रॉटलची चाल बदलते. योग्य रीत अशी की भोकाची न झिजलेली कड पाहावी. झीज एकाच बाजूला होते, कारण ओढ एकाच बाजूची असते. दुसऱ्या बाजूस कारखान्याने पाडलेल्या मूळ गोलाचा तुकडा शिल्लक असतो. त्यावरून मूळ केंद्र काढून खूण करून ठेवावी, भोक वेल्डिंगने भरून घ्यावे, कानशीने सपाट करावे आणि त्या खुणेवर नव्याने भोक पाडावे. १९५१ मध्ये कोणी अज्ञात कामगाराने ते भोक जेथे पाडले, तेथेच ते आज पुन्हा पडते. आम्हांला या कामात नेहमी एक समाधान वाटते.

एक दांडी मध्येच वाकविलेली होती. कोणीतरी ती आखूड करण्यासाठी तिला बाक दिला होता. वाकडी दांडी ताणाखाली थोडी सरळ होते आणि ताण गेला की पुन्हा वाकते. म्हणजे ती दांडी न राहता स्प्रिंगच बनते. तिला सरळ करण्यात अर्थ नव्हता. पाव इंची सळई घेऊन नवी केली, टोकाला आटे पाडले, चेकनट लावला. आणि स्प्लिट पिन प्रत्येक सांध्यात नवी घातली. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरणारा कारागीर दोन रुपये वाचवितो आणि गाडी मात्र त्या दोन रुपयांवर टांगून ठेवतो.

जुळविण्याचा क्रमही सांगून टाकतो. आधी कार्बोरेटरचे स्लो, दांडी सुटी ठेवून, बसवावे. मग थ्रॉटल पुरते बंद असताना दांडीची लांबी अशी करावी की खिळा आपल्या वजनाने भोकात पडेल. ठोकावा लागला तर लांबी चुकली. त्यानंतर पेडल खालपर्यंत दाबून पाहावे. चकती उभी व्हावी आणि त्याच क्षणी पेडल फळीला टेकावे. फळीच्या आधी थ्रॉटलचा हात आपल्या शेवटच्या अटकावाला भिडला, तर चालकाच्या पायाचा सारा जोर त्या नाजूक आसावर पडतो. या गाडीत हाताने रेस देण्याची एक मूठही समोरच्या पत्र्यावर असते. तिची तार थोडी सैल आहे ना, हेही पाहावे. आणि हे सर्व पायाखालची चटई जागेवर अंथरून करावे. चटईला कोणी यंत्राचा भाग समजत नाही. पण तीही त्यात आहे. तिची गोष्ट पुढे येते.

तेलपाण्याविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. पुष्कळ जण सांध्यांवर ग्रीसचे लपके थापतात. आपल्या रस्त्यांची धूळ त्या ग्रीसमध्ये बसली की तिचे घासण्याचे मलम होते, आणि सांधा रक्षण होण्याऐवजी झिजू लागतो. एक थेंब पातळ तेल, आणि महिन्याकाठी पुसून पुन्हा एक थेंब. एवढे पुरते.

आता स्प्रिंग. ती किती जाड असावी यापेक्षा ती कोठे लावावी हा प्रश्न मोठा आहे. पुष्कळ गाड्यांत दुरुस्तीच्या वेळी ती पेडलला लावलेली आढळते, कारण तेथे हात सहज पोचतो. पण मधली एखादी दांडी निसटली तर काय होते पाहा. पेडल वर येते, चालकास वाटते सर्व ठीक आहे, आणि पलीकडे थ्रॉटल उघडेच राहते. म्हणून मुख्य स्प्रिंग थ्रॉटलच्या हातालाच ओढणारी पाहिजे. मध्ये काहीही तुटो, थ्रॉटल बंद झाले पाहिजे. तुटले तर गाडी थांबेल. वाटेत थांबणे ही अडचण आहे, पळत सुटणे हा अपघात आहे. आम्ही त्या गाडीच्या तिन्ही ठिकाणच्या स्प्रिंगा काढून थ्रॉटलच्या हाताला दोन हलक्या स्प्रिंगा वेगवेगळ्या आकड्यांना लावल्या. एकच एक जाड का नाही, असे मालकांनी विचारले. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.

ही आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७३ पासून लागू झालेल्या वाहन-सुरक्षेच्या १२४ क्रमांकाच्या नियमात हे कायद्यानेच सांगितले आहे. थ्रॉटल मिटविणारी शक्ती कमीत कमी दोन ठिकाणांहून आली पाहिजे आणि त्यांपैकी प्रत्येक एकटीने ते मिटविण्यास समर्थ पाहिजे. आणि पाय उचलल्यावर दहा हजार पौंडांपर्यंतच्या गाडीचे थ्रॉटल एका सेकंदाच्या आत, त्याहून जड गाडीचे दोन सेकंदांत मिटले पाहिजे. कडाक्याच्या थंडीत तीन सेकंदांची सवलत आहे. आमच्या पिकअपच्या काळी असा कायदा नव्हता. म्हणून आज ती चालविणाऱ्याने तो आपणहून पाळावा.

हा कायदा हवेतून आला नाही. दांड्या असलेल्या गाडीत एक गोष्ट विसरली जाते: पेडल गाडीच्या सांगाड्याशी बांधलेले आहे, पण कार्बोरेटर इंजिनावर आहे, आणि इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते. गाद्या चांगल्या आहेत तोवर इंजिन जागेवर राहते. गादी फाटली की जोर लावताच इंजिन एका अंगाने उचलले जाते. इंजिन उचलले की दांडी आपोआप ओढली जाते, म्हणजे पाय न हलविता थ्रॉटल आणखी उघडते. मग इंजिन अधिक जोर लावते आणि अधिक उचलले जाते. असे शेव्हरलेटच्याच नव्या गाड्यांत घडले. १९६५ ते १९६९ च्या दरम्यानच्या गाड्यांच्या गाद्या सुटत होत्या, आणि डिसेंबर १९७१ मध्ये कंपनीने सुमारे ६७ लाख मोटारी व लहान ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलाविले. दुरुस्ती काय, तर इंजिन फार उचलू नये म्हणून त्याला एक तारेचा दोर. ६७ लाख गाड्यांचा प्रश्न एका दोराने सुटला, हे खरे. पण तो दोर बांधण्याआधी कोणीतरी दांडी, गादी आणि इंजिन या तिघांकडे एकाच वेळी पाहावे लागले. म्हणून आमचा कारखान्यातला शिरस्ता असा, की ॲक्सिलरेटरची तक्रार आली तर आधी इंजिनाच्या गाद्या पाहावयाच्या. बागाईतदारांच्या गाडीची एक गादी तेलाने भिजून पोह्यासारखी झाली होती. ती बदलली.

आपण म्हणाल, आता या दांड्या राहिल्या कोठे? खरे आहे. आजच्या मोटारीत पेडलाखाली दोन संवेदक असतात, ते पाय किती दाबला हे गाडीतील संगणकास कळवितात, आणि एक लहान विजेची मोटर थ्रॉटल फिरवते. संवेदक दोन का, तर एकाने चुकीचे सांगितले तर दुसऱ्याच्या साक्षीवरून ते कळावे. आमच्या दोन स्प्रिंगांचाच हा नातू होय. पण अडकण्याचे भय संपले काय? २००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात टोयोटा कंपनीची एक लेक्सस गाडी न आवरता धावत सुटली व आतील चारही माणसे गेली. त्यानंतर त्या कंपनीच्या लक्षावधी गाड्या परत बोलाविल्या गेल्या. संगणकात दोष आहे असा मोठा बोभाटा झाला. अमेरिकन सरकारने ‘नासा’च्या अभियंत्यांना शोधास बसविले. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: विजेच्या यंत्रणेत कारण सापडले नाही, सापडली ती दोन साधी कारणे. एक, चिकटून राहणारे पेडल. दुसरे, पायाखालची चटई पुढे सरकून पेडलाला अडविणारी. त्या ऑगस्टच्या गाडीत दुसऱ्याच मापाची चटई टाकलेली होती. संगणक असो वा सळई असो, सर्वांच्या वर माणसाचा पाय आणि सर्वांच्या खाली चटई, ही रचना बदललेली नाही.

सभागृहात मोटार हाकणारे पुष्कळ असतील, म्हणून शेवटी उपयोगाचे तेवढे सांगतो. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकलाच, तर खाली वाकून पेडल ओढू नये. डोळे रस्त्यावरच पाहिजेत. क्लच असलेल्या गाडीत क्लच पुरता दाबावा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावे, चाकांचा त्याच्याशी संबंध तुटला आहे. क्लच नसलेल्या गाडीत गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. ब्रेक एकदाच, घट्ट व सतत दाबावा. तो पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नये, कारण थ्रॉटल उघडे असताना ब्रेकला साहाय्य करणारी इंजिनाची ओढ नाहीशी होते आणि जेवढे साहाय्य साठलेले असते ते दोनतीन दाबण्यांतच संपते. जुन्या पिकअपमध्ये तर तसले साहाय्य मुळातच नाही, तेथे पायाचेच बळ. गाडी रस्त्याच्या कडेस थांबली की इंजिन बंद करावे. नव्या गाडीची चावी धावत्या गाडीत बाहेर काढू नये, सुकाणू अडकते. आणि मग चटई बाजूला करून, बॉनेट उघडून, कार्बोरेटरजवळच्या स्प्रिंगा दोन्ही जागेवर आहेत की नाहीत ते पाहावे.